आज दम कुठपर्यंत?

आमच्या चर्चचे पाळकसाहेब नाताळापासून माझ्या मागं लागलेत की विमलताई, एकदा उभं राहून साक्ष द्या. आमच्या मंडळीत साक्ष म्हणजे आजारी होते, स्तुती केली, बरी झाले, प्रभूला धन्यवाद. मग टाळ्या आणि पुढचं गाणं. माझ्या बाबतीत यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण हे एवढंच सांगितलं तर मधलं सगळं राहून जातं, आणि जो माणूस आत्ता दवाखान्यात पडून पंख्याकडं बघतोय त्याला नेमकं ते मधलंच हवं असतं. उभं राहून ते मला जमणार नाही. एक तर फार वेळ उभं राहवत नाही, आणि माइक हातात आला की माणूस जरा जास्तच गोड बोलतो. म्हणून बसून लिहिते.

पडले तो रविवार

आम्ही सुरतेत उधन्याला राहतो. मूळचे नगर जिल्ह्यातले. माझे मिस्टर आनंद जवळच्या सचिन गावात रंगाच्या मिलमध्ये कामाला आहेत आणि मी घरी मशीनवर साड्यांना लेस लावते. रविवारी मंडळीत गाणी मी घेते. मुलगी रेचल कीबोर्ड वाजवते, मी माइक धरते, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं. माझा आवाज मोठा आहे आणि दम त्याहून मोठा. एक ओळ धरली की बाकीच्यांनी दोनदा श्वास घेतला तरी माझी चालूच.

त्या आठवड्यात पायांना मुंग्या येत होत्या. शुक्रवारी मशीनच्या पायट्यावरचा पाय उचलायला गेले तर तो वेळेवर उचललाच गेला नाही. लेस साडीचा काठ सोडून सरळ पदरात घुसली. मी ती उसवत बसले आणि स्वतःलाच शिव्या दिल्या. गल्लीतल्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून ताकदीचं इंजेक्शन दिलं.

रविवारी गाणं रंगात आलं होतं. सगळ्यांचे हात वर. आणि माझे गुडघे गेले. चक्कर नाही, दुखणं नाही, नुसते गेले. मी जागच्या जागी खाली आले.

आता आमच्या मंडळीत आराधना चालू असताना कुणी पडलं तर लोक दवाखान्यात नेत नाहीत. आत्म्यानं भरली, असं समजतात. पायांवर ओढणी टाकतात आणि गाणं वाढवतात. माझ्याही पायांवर ओढणी आली. ढोलकी जोरात सुरू झाली. मी म्हणत होते, अहो, मला उठता येत नाहीये. तर बाजूच्या बाई माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणाल्या, उठू नका, त्याच्या उपस्थितीत पडून राहा. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

रेचलनं कीबोर्ड सोडला आणि माझ्या पायाशी येऊन बसली. तिला मराठी येतं, पण घाबरली की तिची गुजराती सुरू होते. "मम्मी, पग हलाव," म्हणाली. मी पाय हलवायला गेले. ओढणी जरासुद्धा हलली नाही. मग ती किंचाळली आणि ढोलकी थांबली.

आकडे

मोठ्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी गुडघ्यावर रबरी हातोडी मारली. पाय उडाला नाही. दुसऱ्या पायावर मारली, तोही नाही. त्यांनी हातोडी खिशात ठेवली तेव्हाच मला कळलं की हे इंजेक्शन घेऊन घरी जायचं प्रकरण नाही. पाठीतून पाणी काढलं, नसांना करंट देऊन तपासलं, आणि संध्याकाळी सांगितलं की जीबीएस नावाचा आजार आहे. शरीराचीच ताकद उलटते आणि नसांवर तुटून पडते. पायांपासून चढत जातो. बहुतेक जण बरे होतात, पण हळूहळू. मध्ये तो छातीपर्यंत चढला तर श्वास बंद पडतो, म्हणून त्यावर लक्ष ठेवायचं.

लक्ष ठेवायची त्यांची रीत साधी होती. एक मोठा श्वास घ्या आणि त्या एका श्वासात जितके म्हणता येतील तितके आकडे म्हणा. मला वाटलं, यात काय, मी तर गाणारी बाई. सुरुवात केली. पण मधेच मराठीतून गुजरातीत गेले, गुजरातीतून हिंदीत, आणि कुठला आकडा झाला तेच विसरले. हंसाबेन नावाच्या सिस्टर होत्या, त्या हसल्या. मीही हसले आणि तेवढ्यानंच दम संपला. आनंद हसले नाहीत.

खरी भीती मला तिथं वाटली. माझ्याकडं दुसरं काही नसलं तरी दम होता, आणि आता तोच जाणार होता.

आत्या येतात

दुसऱ्या दिवशी गावाहून सासूबाई आल्या. मी त्यांना आत्या म्हणते. बारीक अंगाच्या, कडक बोलणाऱ्या. आमची कीबोर्डची आराधना त्यांना कधीच पसंत नव्हती. ऑर्केस्ट्रा म्हणायच्या. त्यांचं स्वतःचं एक पद आहे, त्यांनीच जुळवलेलं, चुलीपुढं बसून गुणगुणायच्या:

दिलास तू दिवस, दिलास तू घास,
दिलास तू देवा श्वासावर श्वास.

बस, एवढंच. मला ते पद फार अळणी वाटायचं. ना त्यात विजय, ना चमत्कार. मी एकदा म्हटलंही होतं, आत्या, यात "बरं कर", "वाचव" असं एक अक्षर नाही. त्यांनी नुसती भाकरी उलटवली होती.

त्या आल्या तेव्हा माझी आकड्यांची परीक्षा चालली होती आणि माझा पुन्हा गोंधळ उडालेला. त्यांनी थोडा वेळ बघितलं आणि डॉक्टर मॅडमना आपल्या मोडक्या हिंदीत विचारलं की आकडेच कशाला, एका दमात म्हणायचं ना, मग हिला पद म्हणू द्या. मॅडम तरुण होत्या, शांत स्वभावाच्या. म्हणाल्या, चालेल, पण रोज तेच पाहिजे. मी म्हटलं. पद एका दमात पूर्ण झालं, वर थोडा उरला.

तेव्हापासून सगळे तेच विचारायला लागले. राउंडला मॅडम, औषधाला हंसाबेन, डब्याला रेचल. आज कुठपर्यंत? पहिल्या दिवशी शेवटच्या "श्वास"पर्यंत पोचत होते. मग "श्वासावर"पाशी अडकायला लागले. मग "देवा"पाशी. मराठी न येणाऱ्या हंसाबेनला ते दोन्ही चरण पाठ झाले आणि कोणत्या शब्दावर तोंड गंभीर करायचं तेही.

भेटायला येणारे

मंडळीतली माणसं येत होती. माणसं चांगली, प्रेमानंच येतात. पण त्यातले काही फार ठाम असतात. पवित्र शास्त्रातली, तुरुंगात मध्यरात्री गाणाऱ्या दोघांची आणि आपोआप उघडलेल्या दारांची गोष्ट मला त्या पलंगावर इतक्या जणांनी सांगितली की मला वाटलं, मीही तुरुंगातच आहे. स्तुती करा ताई, स्तुतीत सामर्थ्य आहे. मी मान हलवायची. मनात म्हणायची, तुम्ही जिना उतरून खाली जाल, चहा प्याल. मला लघवीला नळी लावलीय. मला देवाचा राग आला होता, आणि त्याहून जास्त या माणसांचा. हे लिहिताना मला लाज वाटत नाही. आजारी माणसाला राग येतो, त्यात अविश्वास काही नाही.

एकदा पाच-सहा जणांनी वॉर्डातच मोठ्यानं गाणं सुरू केलं. आनंद ड्यूटीवरून थेट आलेले, हाताला रंग तसाच. ते म्हणाले, बंद करा, लोक आजारी आहेत. एकजण म्हणाला, भाऊ, तुमच्या विश्वासाचं काय? आनंदनी त्याला दंडाला धरून बाहेर नेलं. त्यानंतर आत्या त्यांना बोलल्या की स्तुती करणाऱ्याला बाहेर काढतोस. ते म्हणाले, मग तुझ्या देवाला सांग तिला आधी श्वास दे. त्या दिवसापासून मायलेकांचं बोलणं तुटलं. डबा कुणी आणायचा, थांबायचं कुणी, सगळा निरोप रेचलमार्फत. पोरीची बारावी. ती दोघांच्या मधे उभी राहून आजीचं बापाला आणि बापाचं आजीला सांगत होती आणि मी पडल्या पडल्या ते बघत होते. आजार एकालाच होतो हे खरं नाही.

भेटायला जाणाऱ्यांनो, एवढं करा. बसा. पाणी पाजा. केस विंचरा. गायचं असेल तर विचारून गा.

घासापर्यंत

एका सकाळी मॅडमनी विचारलं आणि मी श्वास घेतला. दिलास तू दिवस, दिलास तू घास. संपला. पुन्हा घेतला. पुन्हा घासपाशी संपला. मी मॅडमकडं बघितलं आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. दुपारपर्यंत "दिवस"सुद्धा पुरा होईना. त्यांनी आनंदना बाजूला घेतलं. श्वासाच्या मशीनवर घ्यायचं ठरलं. नळी घालण्याआधी मी आत्यांना बघत होते. मला वाटलं, आता तरी ही बाई म्हणेल, देवा वाचव. त्यांनी माझ्या कानाशी येऊन तेच पद म्हटलं, आणि मला इतका संताप आला की शुद्ध जाईपर्यंत तो संतापच आठवतो.

मशीनवरचे दिवस मी फार सांगणार नाही. ज्यांनी काढलेत त्यांना ठाऊक आहे. पुढं गळ्याला भोक पाडून नळी तिथं हलवली. शुद्ध पूर्ण, ऐकू सगळं येतं, आणि बोटही हलत नाही. नाक खाजतं आणि सांगता येत नाही. हंसाबेनची तिकडं आयसीयूत ड्यूटी लागली की त्या येता-जाता न विचारता माझं नाक खाजवायच्या. मोठमोठ्या प्रार्थना मी विसरले असेन, ते खाजवणं मरेपर्यंत विसरणार नाही.

रेचलनं प्रेमानं माझ्या कानात मोबाइलची गाणी लावली होती. माझीच आवडती आराधनेची गाणी. दुपारभर. तेच ड्रम, तेच उड्या मारणारं संगीत, आणि मला बंद कर म्हणता येईना. भेटीच्या वेळेला आत्या आल्या, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि कानातलं काढून टाकलं. रेचलला म्हणाल्या, हिचं हिला गाऊ दे.

माझं मला काय गाता येणार होतं? पण मशीन ठराविक लयीत हवा आत ढकलायचं. घ्यायचा म्हणून घेतलेला नाही, मागितलेला नाही, नुसता येणारा श्वास. एक झाला की दुसरा. त्या लयीत दुसरं कुठलंच गाणं बसत नव्हतं, तेवढं अळणी पद बसत होतं. मी ते म्हणत राहिले. भक्तीनं नव्हे, दुसरं काही धरायला नव्हतं म्हणून. त्यानं मी बरी झाले असं मी म्हणणार नाही. त्यानं मी वेडी झाले नाही, एवढं नक्की म्हणेन.

घेर लई जाव

औषधानं काम केलं. मशीन हळूहळू सुटलं, मला परत वॉर्डात आणलं. गळ्याला पट्टी, आवाज फुटत नाही, नुसती फुसफुस. हात थोडे उचलत होते, पाय अजून दगड. अंगावर मांस म्हणून राहिलं नव्हतं. आणि मधे ताप येऊन गेला होता, त्यामुळं मी दिवसभर झोपूनच.

अशात एका राउंडला मॅडम आत्यांना गुजरातीत म्हणाल्या की माजी, आता इथं राखवानी जरूर नथी, घेर लई जाव, काले रजा आपी दईए. इथं ठेवायची गरज नाही, उद्या घरी न्या, हे मी अर्धवट झोपेत ऐकलं आणि सुखानं डोळे मिटले. सुरतेत रजा म्हणजे दवाखान्यातून सुट्टी, पोरासोरांना ठाऊक आहे. मला वाटलं आत्यांनाही कळलं. आनंदना कळलं होतंच, पण ते आईशी बोलत नव्हते.

थोड्या वेळानं आत्या माझ्या पलंगाशी आल्या. त्यांनी ओल्या फडक्यानं माझं तोंड पुसलं, हात पुसले, पायाची बोटं एकेक करून पुसली. केसांना तेल लावून वेणी घातली. मग स्टूल ओढून बसल्या, माझा हात हातात घेतला आणि गायल्या. दिलास तू दिवस, दिलास तू घास. आवाज नेहमीचा, चाल नेहमीची, ना हळू ना जोरात. मला वाटलं, घरी जायचं म्हणून म्हातारी खूश आहे. मी ओठ हलवले. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा सुरुवातीपासून म्हटलं.

दुसऱ्या दिवशी गाडी करून आम्ही घरी आलो. आनंद आणि शेजारचे दोघं मला खुर्चीत बसवून वर घेऊन आले. दारात माझे धाकटे दीर उभे, दाढी वाढलेली. आत खोलीभर माणसं. गावाकडच्या बाया डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या. पाळकसाहेब काळ्या कोटात. मला वाटलं स्वागताला आलेत, पण मग रडतायत का?

मला भूक लागली होती. मी फुसफुसत म्हटलं, चहा करा कुणीतरी, आणि बिस्किट आणा.

मग एक बाई हुंदका देता देता हसली, आणि दीर खालीच बसले.

आत्यांनी रात्रीच गावाला फोन केला होता. डॉक्टरांनी रजा दिलीय, घरी न्या म्हणाले. रजा म्हणजे त्यांनी जगाचीच रजा धरली. आणि आमच्या गावाकडं डॉक्टर घरी न्या म्हणाले की त्याचा अर्थ एकच. माणसं मिळेल त्या गाडीनं निघाली होती.

आनंद आईवर ओरडले. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा तिच्याशी बोलले ते असं. एकदा विचारायचं तरी! आत्याही काही कमी नाहीत. म्हणाल्या, तू तोंड उघडशील तर विचारू ना. मग आनंद भिंतीला टेकून रडले आणि आत्यांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. रंगाचे डाग पडलेले ते हात तोंडावर घेऊन हा एवढा मोठा माणूस रडत होता आणि खोलीतल्या बाया चहाला कप कमी पडतायत म्हणून शेजारी धावत होत्या.

तेच पद

संध्याकाळी माणसं पांगली. आत्या मला पेज भरवत होत्या. माझ्या डोक्यात एक गोष्ट सलत होती. मी म्हटलं, आत्या, काल तुम्ही दवाखान्यात गायलात.

"हां."

"मी जाणार असं समजून गायलात?"

"हां."

"तरी तेच पद?"

त्यांनी चमचा वाटीत ठेवला. "मंग दुसरं कोणतं म्हणू? त्यात मागितलेलं काही न्हाई, विमल. दिलेलंच हाये सगळं. तू गेली असतीस तर दिलेलं काय माघारी जाणार होतं?"

आणि पुन्हा चमचा पुढं केला. मी त्यांच्यासमोर रडले, पहिल्यांदाच. आल्या दिवसापासून मी समजत होते की शब्दांत मागणं नसलं तरी या गातायत ते मी बरी व्हावी म्हणून, देवाला लाडीगोडी लावायला, जशी बाकीचे लावत होते आणि जशी मीही लावत होते. या बाईनं तर सगळं संपलं असं समजून तेच म्हटलं होतं, त्याच आवाजात, माझी वेणी घालून. देवावरचा माझा राग त्या दिवशी गेला. का गेला ते मला नीट सांगता येत नाही, पण गेला.

आता मी काठी घेऊन चालते. मशीनवर बसते, पायटा डाव्या पायानं दाबते, लेस काठावरच राहते. रविवारी माइक धरते, पण खुर्चीत बसून, आणि लांब ओळीला मधेच थांबते. तेवढ्यात मंडळी ती उचलते. आधी मला त्याचा अपमान वाटायचा, आता वाटत नाही. आणि हल्ली कुणी गाताना पडलं की रेचल आधी जाऊन पाय हलवायला सांगते, ओढणी मग.

आत्या गावी परत गेल्या. पण रोज सकाळी फोन असतो. हॅलो नाही, काही नाही, एकच प्रश्न. आज कुठपर्यंत? मी म्हणते, त्या ऐकतात, मग त्याही एकदा म्हणतात आणि फोन ठेवतात. परवा त्यांनी सुरुवात केली आणि मधे थांबल्या. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथंच थांबल्या. म्हणाल्या, काही न्हाई, आत्ताच जिना चढून आले. आमच्या गावच्या घराला जिना नाही.

मी विचारलं, आत्या, कुठपर्यंत?

फोनवर त्यांची धाप ऐकू येत होती. मग म्हणाल्या, "घासापर्यंत."

"बरं," मी म्हटलं. "आनंद आजच तुम्हाला न्यायला निघतात. पुढचं मी म्हणते."

आणि म्हटलं, एका दमात.